गार्डेनियाचा गंध

१९४१ सालच्या ‘द मॉल्टीज फाल्कन’ या चित्रपटातील खासगी गुप्तहेर सॅम स्पेडच्या हाती आलेले हे भेटकार्ड. तो ते नाकाशी नेतो आणि सेक्रेटरी फुलाचे नाव सांगते : गार्डेनिया. मग पीटर लॉरीने रंगवलेला जोएल कैरो आत येतो. त्याचा नेटका पोशाख पाहा, आणि बोलताना ओठांजवळ रेंगाळणारी काठीची मूठही. चित्रपटात त्याच्याविषयी स्पष्ट असे काहीच बोलले जात नाही. मूळ कादंबरीत मात्र तो समलिंगी असल्याचे हीच सेक्रेटरी सरळ सांगून टाकते. चित्रपटाने ते वाक्य गाळले आणि कार्डाला गंध दिला.

हॉलिवूडने १९३० मध्ये स्वीकारलेली आणि १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आलेली हेज संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याची नियमावली, ‘लैंगिक विकृती’चे सूचन करण्यासही मनाई करत होती, आणि समलिंगी आकर्षण त्याच सदरात मोडत असे. जे संवादांत मावेना, ते वेशभूषेत, वस्तूंत आणि नजरांत गेले. समलिंगी प्रेक्षकाला ही लिपी कोणी शिकवावी लागली नाही. कोणाकडे किती वेळ पाहायचे, कोणता प्रश्न हसून टाळायचा, याचा हिशेब तो स्वतः रोज करत होता. तोच हिशेब पडद्यावर दुसरे कोणी करताना दिसले की त्याला तो लगेच ओळखू येई.

हे १९५५ सालच्या ‘रिबेल विदाउट अ कॉज’ या चित्रपटातील प्लेटो नावाच्या शाळकरी मुलाचे शाळेतील कपाट. आत ॲलन लॅड या नटाचे छायाचित्र लावलेले आहे. इतरांना ते किरकोळ सजावट वाटले असेल. ज्याने स्वतः असे एखादे छायाचित्र जपले होते, त्याला नायक जेम्स डीनकडे वळणारी प्लेटोची प्रत्येक नजर इथूनच उलगडत गेली. शेवटी प्लेटो पोलिसांच्या गोळीने मरतो, आणि अशा पात्रांचे बहुधा असेच काही होत असे.

चित्रपटांत असे समलिंगी अर्थ वाचणाऱ्यांवर ‘नसलेले शोधता’ हा आक्षेप जुना आहे. अभ्यासक अलेक्झांडर डोटी यांनी १९९३ मध्ये त्याला उत्तर दिले : हे वाचन ओढूनताणून केलेले नाही, कारण हे अर्थ कलाकृतींत आणि प्रेक्षकांत आधीपासूनच आहेत. (प्रेमकथेत स्त्री-पुरुषांचेच प्रेम गृहीत धरणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही, हेही नोंदवायला हवे.)

कधी कधी तर पुरावा अक्षरशः कापून काढलेला असे. पातळ पडद्याआडून टिपलेले हे स्नानगृह प्राचीन रोममधील गुलामांच्या बंडावरच्या ‘स्पार्टाकस’ या चित्रपटातील आहे. लॉरेन्स ऑलिव्हिएने रंगवलेला रोमन सेनापती क्रॅसस टोनी कर्टिसने साकारलेल्या गुलामाला विचारतो, की तू कालवे खातोस का, गोगलगायी खातोस का, आणि मग ही नीतीची नव्हे तर रुचीची बाब असल्याचे समजावतो. १९६० मध्ये चित्रपट झळकला तो या प्रसंगाविना. १९९१ च्या पुनर्रचनेत दृश्य परत आले, पण त्याचा आवाज हरवला होता आणि ऑलिव्हिए हयात नव्हते. आता ऐकू येणारा क्रॅससचा स्वर अँथनी हॉपकिन्स यांचा आहे. कर्टिस यांनी आपले संवाद तीस वर्षांनंतर स्वतःच पुन्हा म्हटले.