दुधाच्या वहीचं शेवटचं पान

नमस्कार श्रोतेहो.

दुपारची ही वेळ अशी आहे, की तुमच्यापैकी अनेकींच्या मांडीवर एक मूल असेल आणि दुसरं पदराला धरून उभं असेल. ओट्यावर रेडिओ लावलेला असेल. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" म्हणून पाऊण तास झाला असेल आणि वाटीतला भात अजून तेवढाच असेल. आज मला तुमच्याशीच बोलायचंय. तुमच्याशी, आणि जवळच आरामखुर्चीत बसलेल्या आजी-आजोबांशीही.

जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते. मुलानं काय खायचं, कधी खायचं आणि कुठे बसून खायचं, हे आपण ठरवायचं. किती खायचं, हे मुलानं ठरवायचं. पुन्हा सांगते. काय, कधी, कुठे, हे आपलं. किती, हे त्याचं.

ऐकायला सोपं आहे. मला कळायला मात्र अडीच वर्षं लागली, आणि ते कसं कळलं तीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

आम्ही वाईला राहतो. तेव्हा थोरली अडीच वर्षांची होती आणि धाकटा आठ महिन्यांचा. घरात सासूबाई, मामंजी म्हणजे मुलांचे आबा, आम्ही दोघं आणि ही दोघं. धाकट्याचं जेवण म्हणजे आनंद होता. मूगडाळ आणि आंबेमोहोर तांदूळ कुकरला लावायचा, वरणात मीठ-तिखट पडायच्या आधी त्याचा वाटा काढून ठेवायचा, वर साजूक तूप, आणि हातानं कुस्करून भरवायचं. हातानं बरं का. मिक्सरमध्ये फिरवून पातळ पाणी करू नका. आठव्या महिन्यात बाळाला बारीक गोळे लागले पाहिजेत, तरच ते जीभ आणि हिरड्या चालवायला शिकतं. वर्षाचं होईपर्यंत त्याच्या घासात मीठ-साखर नको आणि मध तर अजिबात नको. चाटणातसुद्धा नको.

आणि तो आंबेमोहोर! भोर-मुळशीकडचा खरा आंबेमोहोर शिजायला लागला, की शेजारच्या घरात कळायचं. आता दुकानात त्याच नावानं जे मिळतं त्याला कधी वास असतो, कधी नसतो. ज्या बाळाचा पहिला घास वासाच्या भाताचा झाला, ते नशीबवान, असं मी मानते. आणखी एक सांगते. उष्टावणाला लोक चांदीची वाटी आणतात आणि दुसऱ्या दिवशी ती कपाटात जाते. द्यायचीच असेल तर स्टीलची जाड बुडाची वाटी द्या, जी बाळाला आपटता येईल, जमिनीवर गरगर फिरवता येईल. आमच्या धाकट्याची वाटी पोचे पडून वेडीवाकडी झाली होती. तीच त्याची खरी वाटी होती.

तर, धाकटा खायचा. सात-आठ घास झाले, की मान फिरवायचा. मग मी म्हणायची, "झालं का पोट? बरं." आणि वाटी खाली ठेवायची. थोरली मात्र खायची नाही. "पोरगी काहीच खात नाही" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा म्हटलं जायचं. सासूबाई देवापुढे म्हणायच्या, मामंजी पेपर वाचताना म्हणायचे, मी माझ्या आईला फोनवर सांगायची. तिच्यामागे वाटी घेऊन जिन्यात, अंगणात, गच्चीवर फिरायचं, आणि शेवटी मोबाईलवर कार्टून लावून, तिचं लक्ष नसताना घास आत सरकवायचा.

एक दिवस रात्री तिनं तोंडातला भात माझ्या अंगावर थुंकला, आणि मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. ती दचकली. मांडीवरचा धाकटाही दचकला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक केलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला दुधाची वही टांगलेली असायची. दूधवाल्याचा हिशेब सासूबाई त्यात मांडायच्या. मी त्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि ठरवलं, की आज ही पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय घालते ते सगळं लिहायचं. कुणाला काही बोलायचं नाही. फक्त लिहायचं.

सकाळी साडेसहा. एक पेला दूध, साखर घालून. सव्वासात. आबांच्या कपात बुडवून दोन बिस्किटं आणि घोटभर चहा. साडेआठ. पोहे. तिनं दोन शेंगदाणे वेचून खाल्ले आणि बशी सरकवली. साडेनऊ. शेजारच्या काकूंकडे अर्धं केळं आणि गुळाचा खडा. अकरा. पोहे खाल्ले नाहीत म्हणून सासूबाईंनी दिलेलं बाटलीभर दूध. साडेबारा. वरणभात. मी चाळीस मिनिटं बसले. तीन घास. पावणेदोन. भात खाल्ला नाही, उपाशी कशी झोपणार, म्हणून मीच दिलेलं दूध. हो, मीच. साडेचार. आबांच्या खिशातले मूठभर भाजके शेंगदाणे आणि चिरमुरे. साडेपाच. आबांबरोबर फिरायला गेल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडची गोळी. पावणेसात. ह्यांनी कामावरून येताना आणलेल्या दोन खाऱ्या. साडेआठ. आमटी, भात, बटाट्याची भाजी. तोंड घट्ट मिटलेलं. साडेनऊ. झोपताना पेलाभर दूध.

पान भरलं. मी खाली रेघ मारली आणि नुसतं दूध मोजलं. पाऊण लिटर. अडीच वर्षांच्या मुलीच्या पोटात पाऊण लिटर दूध, दोन बिस्किटं, दोन खाऱ्या, केळं, गूळ, गोळी, चिरमुरे. तिच्या पोटात भाताला जागा कुठे होती? आणि तिला देणारे आम्ही पाच जण. प्रत्येकाला वाटत होतं, की ती उपाशी आहे आणि आपण एकटेच तिच्या पोटात काही घालतोय. मायेनंच घालत होतो सगळे.

मी हे कुणाला दाखवणार नव्हते. सुनेनं सासू-सासऱ्यांच्या हाताचा हिशेब मांडायचा, हे मला बरं वाटत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला आला, सासूबाईंनी वही काढली, ती हातातून निसटली आणि नेमकी मागच्या पानावर उघडी पडली.

"हे काय गं? कसला हिशेब हा?"

मी म्हटलं, "काही नाही, आई. कालचं तिचं खाणं लिहून ठेवलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि ओट्याला टेकून मोठ्यानं वाचायला लागल्या. पहिल्या चार ओळी नेहमीच्या आवाजात. अकराच्या दुधाशी आवाज हळू झाला. साडेचारच्या शेंगदाण्यांशी थांबल्या आणि बाहेर ओसरीकडे बघून म्हणाल्या, "अहो, ऐकताय का?" मामंजींनी पेपर खाली ठेवला होता. ते ऐकतच होते.

घरात कुणीच काही बोललं नाही. मग सासूबाईंनी वही मिटली, खिळ्याला लावली आणि म्हणाल्या, "म्हणजे पोर उपाशी नाहीच की गं. आपणच तिला भूक लागू देत नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मी बोलले असते तर भांडण झालं असतं. ते त्या बोलल्या.

मग त्याच सांगत बसल्या. त्यांच्या लहानपणी घरात नऊ मुलं. दूध चहापुरतं यायचं. मुलं पंगतीत बसायची, पुढ्यात जे येईल ते खायची, आणि ज्याला नको असेल तो उठून जायचा. त्याच्यामागे वाटी घेऊन पळायला कुणाला वेळच नव्हता. "संध्याकाळी आपोआप यायचा चुलीपाशी," म्हणाल्या. त्या काळी सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा किती मुलं अशक्तपणानं गेली हे त्याच सांगतात. पण पंगत चांगली होती. आजही माझं मत आहे, की मुलांनी जमिनीवर, मोठ्यांच्या रांगेत, मोठ्यांचं जेवण बघत जेवावं. त्या उंच प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकट्याला कोंडून, पुढे टीव्ही लावून जेवलेलं मूल मला जेवलंय असं वाटत नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनीच नियम घातला. सकाळी आणि झोपताना असं दोनदा दूध, तेही पेल्यातून. बाटली माळ्यावर. तीन जेवणं, दोन वेळा मधलं खाणं, आणि मध्ये फक्त पाणी. आबांच्या खिशाला बंदी. जेवायला सगळे एकत्र, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तिच्या ताटलीत सगळं थोडं थोडं वाढायचं, आणि "खा" म्हणायचं नाही. हे "खा" न म्हणणं सर्वांत अवघड गेलं. ह्यांना तर ओठ मिटून बसावं लागायचं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. अकरा वाजता ती बाटलीसाठी आडवी पडून रडायची. सासूबाईंचे डोळे भरून यायचे. त्या देवघरात जाऊन बसायच्या, पण दिली नाही बाटली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, धाकटा पाटाजवळ बसून भाकरीचा पापुद्रा चघळत होता. थोरली आली, त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मला पण." मी तव्यावरची गरम भाकरी तिच्या ताटलीत ठेवली, वर लोण्याचा गोळा. अर्धी भाकरी खाल्ली तिनं. स्वतःच्या हातानं. निम्मं लोणी फ्रॉकला लागलं. मी चुलीकडे तोंड करून भाकऱ्या थापत राहिले, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.

बघा, धाकट्यानं मान फिरवली की आम्ही वाटी खाली ठेवत होतो. थोरलीनं मान फिरवली की मोबाईल काढत होतो. दोघं एकच सांगत होती: पोट भरलंय. लहानग्यावर आमचा विश्वास होता, बोलता येणारीवर नव्हता.

गोष्टीत बराच वेळ गेला, आता बाकीचं भराभर सांगते.

मूल दुसऱ्या वर्षात कमी का खातं? पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ किलो. दुसऱ्या वर्षात मिळून वाढतं दोन-अडीच किलोच. वाढ मंदावते, म्हणून भूकही मंदावते. हा आजार नाही. वजन नीट वाढतंय का, हे अंगणवाडीतल्या तक्त्यावर बघा. २ ऑक्टोबर १९७५ ला ही अंगणवाडीची योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून गावोगावच्या सेविका बाळांना काट्यावर तोलतायत. मला वाटीचं माप आमच्या सेविकाताईंनीच शिकवलं. इतकं मोलाचं काम करणाऱ्या बायकांना मानधनासाठी उन्हात मोर्चे काढावे लागतात, याची मला लाज वाटते.

ते माप असं. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. मग दोन-तीन चमच्यांनी सुरुवात, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ महिन्यांच्या सुमाराला अडीचशे मिलीची वाटी अर्धी, तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवावं. हे माप वाढायचं आहे, संपवायचं नाही. पुन्हा म्हणते: वाढणं आपलं, किती खायचं ते त्याचं. नवी भाजी आज थुंकली तर चार दिवसांनी पुन्हा वाढा. आठ-दहा वेळा वाढावी लागते.

वर्षानंतर वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. जास्त दुधानं भूक मरते आणि रक्तातलं लोह कमी होतं. आणि मुलाला चहा नकोच, चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजीवर, डाळीवर लिंबू पिळा.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. त्या पानावर साडेचार वाजता भाजके शेंगदाणे होते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका. घशात अडकतात. मूल आवाज करून खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला, श्वास अडला, तर धोका आहे. आवाज बंद, म्हणजे धोका. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं घ्या, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं पाच थापा. अडकलेलं निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळव्याच्या मनगटाजवळच्या भागानं पाच वेळा दाबा. पुन्हा पाच थापा. तोवर कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. घशात बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते.

आमच्या सेविकाताईंनी हे सांगितलं तेव्हा मामंजी ओसरीवरच होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी खलबत्त्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर गेले, तर ते पायरीवर बसून शेंगदाणे कुटत होते. थोरली समोर उकिडवी बसली होती. "बारीक झालं का गं?" ते तिला विचारत होते, आणि ती चिमटीत कूट घेऊन, चोळून बघून सांगत होती, "नाही आबा, अजून."

नमस्कार.