उन्हाळ्याची रात्र, स्ट्राइपर आणि ओली वाळू

(मध्य न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर जूनमध्ये झालेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. आमंत्रणात विषय छापलाय, ‘उन्हाळ्यात रात्री किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बास कसा धरायचा’. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी बरीच वर्षं मनात साठलेलं एक बोलते, कारण ते सुटल्याशिवाय गळ, दोरी, आमिष यांबद्दल कितीही सांगितलं तरी उपयोग नाही. ज्या वेळी हा मासा काठाला येतो, नेमक्या त्याच वेळी आपल्या राज्यातल्या कितीतरी गावांत काठावर जायची वाट बंद असते.

मासे न खाणाऱ्यांनी कृपा करून उठू नका. आज इथे काहीही शिजणार नाही. आणि रात्री समुद्रावर नुसतं पाय मोकळे करायला जाणाऱ्यांचाही या गोष्टीशी तितकाच संबंध आहे.

माशाची ओळख करून देते. इथले लोक त्याला स्ट्राइपर म्हणतात. चंदेरी अंग आणि त्यावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. रायगडातून आलेल्यांना जिताडा आठवेल, तसाच खाडीच्या तोंडाशी दबा धरणारा आणि तसाच भाव खाणारा. फरक असा की जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो आणि स्ट्राइपर गोड्या पाण्याकडे चढतो. वसंतात तो चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत, डेलावेअरमध्ये, हडसनमध्ये वर जातो. अंडी घालून झाली की मोठे मासे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघतात, लाँग आयलंड, केप कॉड, थेट मेनपर्यंत. थंडी पडायला लागली की परत खाली. या देशाच्या जन्माआधीपासून इथल्या माणसांचं त्याच्यावाचून चाललेलं नाही. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कायदा केला होता की कॉड आणि स्ट्राइप्ड बास शेतात खत म्हणून घालायचे नाहीत. म्हणजे तोपर्यंत घालत होते! एवढा मासा होता.

(श्रोत्यांतून प्रश्न: चवीला कसा?) चांगला. पांढरं, घट्ट मांस, कोकम घालून केलेलं कालवण मला आवडतं. पण ऐका, आपल्या राज्याची त्याबाबत लेखी सूचना आहे. या माशात पीसीबी नावाची रसायनं साठतात, म्हणून तो किती वेळा खावा याला मर्यादा सांगितल्या आहेत, आणि लहान मुलं आणि गरोदर बायांसाठी त्या अधिक कडक आहेत. त्या वाचा. पुढे जाऊ या.

जुलै-ऑगस्टात जर्सीत स्ट्राइपर नसतोच, असा एक समज आहे. मोठ्यांचा लोंढा वर गेलेला असतो, हे खरं. पण इनलेटच्या, म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या वाटेच्या, तोंडाशी, दगडी जेटींच्या कपारींत, पुलांच्या सावलीत राहणारे राहतातच. ते दिवसा दिसत नाहीत, एवढंच. त्यांना साधारण १३ ते २० अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं आणि ऑगस्टात आपलं पाणी २४ च्या आसपास जातं, तेव्हा ऊन असेपर्यंत ते खोल, गार, वाहत्या पाण्यात असतात. अंधार पडला की छोटे मासे काठाच्या उथळ पाण्यात सरकतात, सापासारखे लांबट इल मासे बिळातून बाहेर पडतात, वाळूत घुसून बसणारे खेकडे लाटेबरोबर उघडे पडतात, आणि पोहणारी माणसं घरी गेलेली असतात. कमी उजेडात शिकाऱ्याची बाजू भक्ष्यापेक्षा वरचढ असते. त्यामुळे दुपारी जिथे पोरं वाळूचे किल्ले करत होती, तिथून चार पावलांवर, गुडघाभर पाण्यात, रात्री एक वाजता हाताएवढा मासा फिरत असतो. हे बऱ्याच लोकांना पटत नाही. ते सगळं बळ लावून गळ दूर फेकतात आणि मासा त्यांच्या पायाशी असतो.

आता माझं गाऱ्हाणं. गावाचं नाव घेत नाही. जुलैतली अमावास्येची रात्र होती, उधाणाची भरती नुकतीच फिरली होती, दक्षिणेचा वारा. यावर एक सांगायलाच हवं. आपल्या किनाऱ्याला दक्षिणेचा वारा सलग तीन-चार दिवस वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं कोमट पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे समुद्राकडे ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी काठाशी वर येतं. भर उन्हाळ्यात पोहणारे कुडकुडत बाहेर येतात ते यामुळे. पोहणाऱ्यांचा तो दिवस वाया जातो, पण आपल्याला अशीच रात्र हवी असते.

तर अशी रात्र. मी एकटी, पाणी मांडीपर्यंत. मासा लागण्याआधी दोरीत एक हलका ठोका जाणवतो, तो जाणवला. आणि मागून पांढराशुभ्र झोत आला, माझ्या डोक्यावरून थेट पाण्यात. संपलं. उथळ पाण्यावर अचानक उजेड पडला की तिथले मासे बिथरतात आणि मग बराच वेळ तिथे काही राहत नाही. पोलीस होता, पोरगेलासा, बोलायला अगदी सभ्य. म्हणाला, ‘मॅम, बीच बंद आहे.’ मी म्हटलं, ‘मी ओल्या वाळूवर उभी आहे.’ त्याला वाटलं मी काहीतरी कोड्यात बोलतेय. त्याने विचारलं, या वेळी इथे काय करताय? मासे धरतेय. या वेळी? मी म्हटलं, ‘दादा, मासे या वेळी येतात, मी काय करू?’ तो हसला. गावाच्या नियमात मासे धरणाऱ्यांना रात्रीची सूट होती. त्याने फोन करून खात्री केली आणि ‘गुड लक’ म्हणून गेला. मला बरं वाटलं. वर गाडीपाशी आले तर काचेवर दंडाची पावती. किनाऱ्यालगतच्या सगळ्या रस्त्यांवर रात्री १० ते सकाळी ६ गाडी उभी करायला मनाई, फक्त तिथल्या रहिवाशांना परवानगी.

माझा राग दंडाच्या रकमेवर नाही. राग या युक्तीवर आहे. किनारा कागदावर खुला ठेवायचा आणि गाडीची जागा बंद करायची. ज्याचं घर समुद्रासमोर आहे त्याला रात्रीचा समुद्र, आणि एडिसनहून, पर्थ अँबॉयहून, न्यूअर्कहून दिवसभराचं काम आटोपून येणाऱ्याला पाटी. रात्री जेटीवर कोण असतं ते एकदा येऊन बघा. पोर्तुगीज, कोरियन, डॉमिनिकन, गुदामात दुसरी पाळी करून आलेली माणसं. दिवसा सुट्टी काढून बोटीवर जाणं त्यांना परवडत नाही. किनाऱ्यावरची रात्र हीच त्यांची सवड असते.

आणि हा हक्क कुणी मेहरबानी म्हणून दिलेला नाही. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात लिहिलंय की हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा निसर्गतः सर्वांचे आहेत. अमेरिकेत हे तत्त्व रुजलं कुठे? इथून हाकेच्या अंतरावर, पर्थ अँबॉयला! अर्नोल्ड नावाच्या जमीनदाराने आपल्या शेताला लागून रॅरिटन नदीत कालवं (ऑयस्टर) लावली होती. मंडी नावाचा माणूस होड्या घेऊन आला आणि हक्क आजमावायला मुद्दाम ती काढून घेऊन गेला. अर्नोल्ड कोर्टात गेला आणि १८२१ साली हरला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरती-ओहोटीच्या पाण्याखालची जमीन आणि तिथली मासेमारी सर्व लोकांच्या मालकीची आहे, राज्य फक्त विश्वस्त. १९७२ साली याच न्यायालयाने अ‍ॅव्हन गावाला बजावलं की बाहेरच्या लोकांकडून बीचसाठी जास्त पैसे घेता येणार नाहीत. १९८४ साली बे हेड गावच्या खटल्यात ते कोरड्या वाळूपर्यंत गेलं: ओल्या वाळूचा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर येतं तिथल्या वाळूचा, हक्क बजावायला जेवढी कोरडी वाळू लागते तेवढी लोकांना वापरू दिली पाहिजे. २०१९ मध्ये हे तत्त्व राज्याच्या कायद्यातच आलं. आता गंमत बघा, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मनालीजवळच्या बियास नदीच्या प्रकरणात हेच विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग ठरवलं, आणि ते करताना अमेरिकन निकालांचाच आधार घेतला. म्हणजे या बाबतीत तुम्ही मुरुडला उभे असा की मनास्क्वानला, वारसा एकच.

मॅसॅच्युसेट्समध्ये उलटं आहे. तिथल्या १६४० च्या दशकातल्या वसाहती नियमानुसार खासगी मालकी थेट ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते, पण मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि जलवाहतूक यांना वाट ठेवलेली आहे. त्यामुळे तिथे ओल्या वाळूवर नुसतं फिरणाऱ्याला मालक हटकू शकतो, पण हातात गरी असलेल्याला नाही. तिकडचे लोक सांगतात, फिरायला जाताना रॉड घेऊन जा. मी ते शब्दशः पाळते.

गावांना सुरक्षेसाठी वेळा ठरवता येतात, हे मला मान्य आहे. दंगा होतो, कचरा होतो, बुडण्याची भीती असते. पण ज्याच्या हातात रॉड आहे त्याच्यासाठी दहा गाड्यांची जागा रात्रभर खुली ठेवण्याने कुठल्या गावाचं काय बिघडतं? माझी मागणी एवढीच आहे. उन्हाळ्याआधी गावसभेत पार्किंगचे नियम येतात तेव्हा तिथे जाऊन बोला. बाहेरगावच्या माणसालाही बोलता येतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, दहा मिनिटं. छापलेला विषय.

जागा दिवसा ओहोटीला बघून ठेवा. वाळूचा बांध कुठे आहे, त्याच्या आतली खोलगट पट्टी कुठे, बांध फुटून पाणी बाहेर पडतं ती जागा कुठे. रात्री मासा त्या फटीशी आणि पट्टीत असतो. वेळ: मला अमावास्येच्या आसपासची सुकती, म्हणजे उतरतं पाणी, आवडते, इनलेटच्या तोंडाशी तर हमखास, कारण खाडीतलं खाद्य पाण्याबरोबर बाहेर येतं. रॉड नऊ-दहा फुटी पुरे.

लूर, म्हणजे खोटं आमिष, काळा. हो, काळ्या रात्री काळाच, मासा खालून वर बघतो आणि आकाशासमोर काळा आकार ठळक दिसतो. दोरी गुंडाळायचं हँडल फिरवायचा वेग तुम्हाला हळू वाटेल त्याच्या निम्मा. पाण्यात चमक असेल, म्हणजे सूक्ष्म जीवांमुळे लाट निळसर पेटत असेल, तर दोरीही पेटते आणि मासा बुजतो. त्या रात्री निडलफिशसारखा बारीक, न हलणारा लूर अगदी सावकाश ओढा. जिवंत किंवा मेलेलं आमिष लावणार असाल तर गोल वळलेला सर्कल हुक हा कायदा आहे, कारण तो पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात लागतो. डोक्यावरचा दिवा लाल, आणि पाण्याकडे तोंड करून लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच घाईत सांगावं लागतंय. मासा संकटात आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो कोसळला, १९८४ मध्ये संसदेने खास कायदा केला, १९८५ ते १९९० मेरीलँडने तो धरायलाच बंदी घातली, आणि १९९५ साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. एवढं करून सावरलेला साठा २०१९ च्या मूल्यमापनात पुन्हा खालावलेला निघाला. मेरीलँड १९५० च्या दशकापासून दर उन्हाळ्यात जाळं ओढून पिल्लं मोजतं. २०१९ पासून वर्षामागून वर्ष आकडा सरासरीच्या खाली येतोय. म्हणून सध्या समुद्रात दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंचांतला. त्याहून मोठ्या माद्या लाखो अंडी घालतात, त्या सोडायच्याच. न्यू जर्सीत पकडलेला स्ट्राइपर विकताही येत नाही.

आणि सोडलेला प्रत्येक मासा जगतो असं समजू नका. शास्त्रज्ञ सरासरी ९ टक्के मरतात असं धरतात, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्यामुळे उन्हाळ्यात धोका वाढतो. मेरीलँडने चेसापीकमध्ये जुलैच्या उत्तरार्धात मासेमारी बंद ठेवायला सुरुवात केली ती याचसाठी. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी थांबतात. आपल्यापैकी अनेकांनी ते लहानपणी पाहिलंय, तेव्हा थांबणं म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागू नये. दोरी जाड घ्या, मासा लवकर आणा, दमवू नका. हुकाचा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका. कोरड्या वाळूवर ओढू नका, कल्ल्यात बोटं घालून लटकवू नका, फोटो पाण्यातच काढा. पाणी फारच कोमट झालं असेल तर त्या आठवड्यात घरी बसा.

पुढच्या अमावास्येच्या शनिवारी आयलंड बीच स्टेट पार्कला जायचंय. तिथे प्रत्यक्ष मासे धरत असाल तर रात्रभर थांबता येतं, म्हणून तिथे. सँडी हूकलाही जाता येईल, पण रात्रीसाठी फिशिंगचा वेगळा परवाना काढावा लागतो. समुद्रात मासे धरणाऱ्यांच्या राज्याच्या रजिस्ट्रीत नाव नोंदवा, ते फुकट आहे. दाराशी वही ठेवलीय, एका पानावर शनिवारी येणाऱ्यांनी आणि दुसऱ्या पानावर गावसभेला येणाऱ्यांनी नाव लिहायचं. दोन्हीकडे लिहिलंत तर उत्तम. वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायच्या उंच जलरोधक विजारी, माझ्याकडे दोन-तीन जास्तीच्या आहेत. कमरेचा पट्टा मात्र प्रत्येकाने आपापला आणा. लाटेत पडलात तर तो पट्टाच वेडर्समध्ये पाणी भरू देत नाही, आणि पट्ट्याशिवाय आलेल्याला मी पाण्यात उतरू देणार नाही.