तळघरातली ओल आणि विजेचं बिल

नमस्कार, श्रोतेहो. पाऊस लागला की मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. ‘साहेब, तळघरात ओल आली, कोणता पेंट मारू?’ गेल्या आठवड्यात इथल्याच, नागपुरातल्या बजाजनगरच्या एका काकूंनी बोलावलं. खाली उतरलो तर कुबट वास, भिंतीला गुडघ्यापर्यंत पांढरा लोणा, आणि कोपऱ्यात कूलर घूंऽ करत चालू. जुलै महिन्यात! म्हणाल्या, ‘भिंत वाळावी म्हणून लावला.’

कूलर हवा थंड करतो तो पाण्याची वाफ करूनच. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत त्याच्यासारखं सुख नाही. पावसाळ्यात मात्र तो भिंतीला पाणीच पाजतो.

पेंटआधी एक परीक्षा करा. प्लॅस्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडून थेंब धरले तर पाणी मातीतून येतंय. खोलीकडून धरले तर ओल हवेतली. काकूंकडे दोन्हीकडून धरले होते.

मातीचं म्हणाल तर आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीला ढकलते. शेजारी पाणी तुंबलं, की मीटरभर खोलीवर दर चौरस मीटरला जवळपास 1 टन दाब येतो. आतून मारलेला पेंट तो कसा पेलणार? हा मूर्खपणा मी स्वतःच्या घरीही केलाय बरं का. दहा वर्षांची हमी होती, पुढच्याच श्रावणात पोपडे पडले. आमचे मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, ‘साहेब, बाहेरूनच खोदा लागते.’ नवं घर बांधत असाल तर तळाला आणि भिंतींना बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करून घ्या, आणि भिंतीलगत काळी माती नको, गिट्टी भरा.

घर जुनं असेल तर आधी गच्चीचा पाइप कुठे सुटतो ते बघा. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवतेय ना, अंबाझरी तलाव ओसंडला होता? काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस. म्हणजे हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून 9 हजार लिटर पाणी. ते पायाशी सोडलं तर जाणार कुठे?

आता बिलाचं. तळघरात एसी असेल तर हवेतल्या वाफेचं पाणी करायला लिटरमागे साधारण पाव युनिट वीज जाते, खोली गार होण्याचा हिशेब वेगळाच. त्यात दार उघडं राहिलं, की गार भिंतीवर बाहेरच्या दमट हवेचं दव धरतं. बाहेरची उष्णता अडवायला भिंतीला थर्माकोल लावायचाच तर भिंत कोरडी झाल्यावर. ओल्या भिंतीवर लावलात तर मागे बुरशीची शेती होते. खरं सांगू? आपल्याकडे तळघराला थर्माकोल मला फारसा पटतच नाही. खालची जमीन मे महिन्यातही गच्चीसारखी तापत नाही. ते पैसे गच्चीवर घाला.

काकूंनी कूलर त्याच दिवशी बंद केला, काकांनी पाइप नालीकडे वळवला. खोदकाम दिवाळीनंतर, माती वाळली की. तोवर कुरड्या-पापडांचे डबे वरच्या मजल्यावर मुक्कामाला गेलेत.