बांबू, टेनिस बॉल आणि एक नवस

[पडदा काळा. पाणी कापल्याचा आवाज. मग एकच: टप्.]

हा आवाज बांबूच्या टोकाला बांधलेल्या टेनिस बॉलचा. बॉल एका पोहणाऱ्या मुलीच्या डोक्यावर बसलाय, आणि काठी तिच्या बापाच्या हातात आहे.

[दृश्य उजळतं. तलाव, पहाट.]

नागपूर. मार्च संपत आलाय. ऊन चढायच्या आत जे करायचं ते उरकून घ्यायचं, हा इथला उन्हाळ्याचा कायदा. मुलगी एकोणीस वर्षांची. नाव सांगायचं नाही, ही तिची पहिली अट. दुसरी जरा कडक: "देवासमोर हात जोडलेली दाखवू नका मले. अन् मागून बासरी तर बिलकुल नको."

खरं सांगायचं तर आम्ही बासरी निवडून ठेवली होती.

ती आठव्या वर्षी पोहायला लागली. तेराव्या वर्षी संध्याकाळच्या बॅचला लेन सोडून दुसऱ्यांवर आदळायला लागली. सकाळी मात्र सरळ पोहायची. सर ओरडायचे, आई म्हणायची पोट्टीचं लक्ष नाही. पण सकाळी दिसणं आणि दिवेलागणीला न दिसणं, हीच तर खूण होती. आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी असतात, त्या आधी मरतात. मग नजर कडेकडेनं आकसत जाते, नळीतून पाहावं तशी. दोष जनुकांमधला. कोणाची नजर चाळिशीपर्यंत साथ देते, हिची सतराव्या वर्षीच गेली. २०१७ मध्ये अमेरिकेत अशा आजारावरच्या एका जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली, पण तो आरपीई६५ या एकाच जनुकातल्या बिघाडावर चालतो. हिचा बिघाड दुसरीकडे निघाला.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच संध्याकाळी आईनं नवस बोलला.

[दृश्य: सीताबर्डीची टेकडी, देवळाच्या पायऱ्या, चपलांचा ढीग.]

टेकडीचा गणपती. रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. परीक्षा असो, नोकरी असो, नवी गाडी असो, नागपूरकर आधी इथे येतो. आईचा नवस असा: एकवीस चतुर्थ्या मानेवाड्याहून अनवाणी चालत येईन. पोरीचे डोळे येऊ दे, एकशे आठ मोदक वाहीन.

सुरुवातीला मुलगी सोबत यायची. तेव्हा तिला गाभाऱ्यातली समई दिसायची. एकविसाव्या चतुर्थीला फक्त घंटा ऐकू आली.

बाबांचं वेगळंच चाललं होतं. ते घरी न सांगता ताजबागेत जाऊन चादर चढवून आले. ज्यांना रघुजीराजे भोसल्यांनी आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात ठेवून घेतलं होतं, त्या ताजुद्दीन बाबांचा हा दर्गा. गणपती आणि ताजबाग एकाच घरात असणं, याचं नागपुरात कोणाला नवल वाटत नाही. नवल एवढंच की आईला ते तीन वर्षं कळलं नाही.

आणि डोळे काही आले नाहीत.

[दृश्य: काळा गॉगल, जवळून.]

हा गॉगल बघा. काचा काळ्या, आरपार काही दिसत नाही. पॅरा जलतरणात, म्हणजे दिव्यांगांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, नजर अधू असलेल्यांचे तीन गट असतात: एस ११, एस १२, एस १३. ही एस ११ मध्ये पोहते, म्हणजे ज्यांना जवळपास काहीच दिसत नाही त्यांच्यात, आणि त्या गटात असा गॉगल सक्तीचा. ट्यूबलाइट लागली की विझली, एवढं तिला अजून कळतं. पाण्यात उतरताना तेवढंही काठावर ठेवून जायचं, म्हणजे सगळ्यांची शर्यत सारखी होते.

मग भिंत आली हे कळणार कसं? त्यासाठी काठीवाला. टॅपर म्हणतात त्याला. काठी उशिरा लागली तर बोटं भिंतीवर आपटतात. लवकर लागली तर मुलगी वळते आणि पायाखाली भिंतच नसते. लेनचा दोर घासून तिच्या उजव्या दंडावर चट्टा पडलाय, तो कधी पुरता भरतच नाही.

पहिला महिनाभर बाबांचा हातच उठेना. ते काठी नुसती टेकवायचे. शेवटी ती पाण्यातून ओरडली, "बाबा, जोरात हाणा ना! हे काय गोंजारून राहिले!"

ते ऑटो चालवतात. सात वाजता शाळेची पोरं घ्यायला निघावं लागतं. त्याच्या आधीचा दीड तास या काठीचा.

या मुलीच्या पुढे कोणीच नव्हतं असं नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहले आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. तेही महाराष्ट्राचेच. आणि मूळची अमरावतीची कांचनमाला पांडे तर याच शहरात, रिझर्व्ह बँकेत नोकरीला. २०१७ च्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत, मेक्सिकोत, एस ११ गटाच्या २०० मीटर मेडलेमध्ये, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार एकाच शर्यतीत, तिनं सुवर्ण जिंकलं. "तिचं नाव ऐकलं तवा मले पहिल्यांदा वाटलं, आपलं पोहणं संपलं नाही," मुलगी सांगते. समईबद्दल ती असं कधी बोलली नाही.

गेल्या राज्य स्पर्धेत ती १०० मीटरला चौथी आली. पदक नाही. स्वतःच्या आधीच्या वेळेपेक्षा तीन सेकंद कमी, एवढंच. सिनेमा असता तर इथे सुवर्ण द्यावं लागलं असतं, आणि मागे आरती.

घरी मात्र भांडण पेटलं. नवस फेडायचा की नाही?

मुलगी म्हणाली, "मागितलं ते त्यानं दिलं नाही. मग फेडायचं काहून?"

आई म्हणाली, "मी बोलली, तर माझ्या जिभेचा प्रश्न आहे."

बाबा म्हणाले, "मी ऑटो धुऊन येतो."

[दृश्य: पुन्हा तलाव. चतुर्थीची सकाळ.]

सहा वाजून वीस मिनिटं. टेकडीवरून आई थेट इकडेच आलीय, हातात स्टीलचा डबा. मुलगी काठाला येऊन गॉगल वर सरकवते.

"फेडला?"

"अर्धा."

"अर्धा म्हंजे?"

"चौपन्न मोदक."

मुलगी ओला हात पुढे करते. एक मोदक तोंडात टाकते, सावकाश चावते.

"गूळ कमी पडला आई," ती म्हणते, आणि गॉगल खाली ओढून पाण्यात जाते.

बाबा काठी उचलतात.