पुसणं आणि लिहिणं यांच्या मधली वेळ

[दृश्य: मदरबोर्ड. कॅमेरा एका लहानशा काळ्या चिपवर येऊन थांबतो.]

बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, पण पडदा अजून काळाच आहे. रॅम किती, डिस्क कुठे, कीबोर्ड जोडलाय की नाही, यातलं प्रोसेसरला अजून काहीही ठाऊक नाही. पहिली सूचना कुठून उचलायची, तेवढं मात्र तो घडतानाच शिकून आलेला असतो. ती सूचना असते या चिपमध्ये. आठ पाय, नखाएवढा आकार, आणि आजच्या बऱ्याच बोर्डांवर 16 किंवा 32 मेगाबाइट जागा. बायोस, म्हणजे संगणकाला जागा करणारा पहिला प्रोग्रॅम, इथे राहतो. आता त्याला यूईएफआय म्हणतात, पण जुनं नाव काही तोंडातून जात नाही.

शेजारची गोल बॅटरी काढली की बायोस पुसला जातो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. बॅटरी घड्याळ चालवते आणि काही सेटिंग सांभाळते. ही चिप मात्र विजेशिवाय वर्षानुवर्षं सगळं लक्षात ठेवते.

1981 च्या आयबीएम पीसीत बायोस रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या चिपमध्ये असायचा. त्यात चूक निघाली, तर चिपच उपटून नवी बसवायची. मग काचेची खिडकी असलेल्या चिप आल्या. त्या पुसायला अतिनील दिव्याखाली काही मिनिटं ठेवाव्या लागत. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. एका झटक्यात पुसली जाणारी ही मेमरी पाहून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि तेच नाव पडलं.

[दृश्य: ॲनिमेशन. एकांनी भरलेली पाटी, त्यात एकेक शून्य उमटत जातं.]

पण या मेमरीची एक अट आहे. पुसलेल्या जागी सगळे 1 असतात. लिहिणं म्हणजे हव्या त्या 1 चा 0 करणं. उलट, एखाद्याच 0 चा पुन्हा 1 करायचा म्हटलं, तर तो एकटा बदलत नाही. अख्खा तुकडाच पुसावा लागतो, आणि सहसा लहानात लहान तुकडा असतो 4 किलोबाइटचा. म्हणजे नवं लिहिण्याआधी जुनं जातंच. शिवाय पुसणं चालू असताना चिप एरवीसारखी वाचता येत नाही, म्हणून बायोस अपडेट करणारा प्रोग्रॅम आधी रॅममध्ये जाऊन बसतो आणि तिथून काम करतो.

आता नेमकी या मधल्या वेळी वीज गेली तर? जुना बायोस अर्धा गेलेला, नवा अर्धा आलेला. पुढच्या वेळी प्रोसेसर नेहमीच्या पत्त्यावर जातो आणि तिथे धड काही सापडत नाही. पडदा काळाच राहतो.

हे मुद्दाम घडवलं गेलं 26 एप्रिल 1999 ला. सीआयएच नावाच्या व्हायरसने त्या दिवशी अनेक संगणकांच्या फ्लॅशमध्ये कचरा लिहिला आणि ते संगणक सुरूच होईनात. आज अपडेटच्या फाइलवर निर्मात्याची डिजिटल सही असते. ती जुळली नाही, तर नीट बांधलेलं बोर्ड ती फाइल नाकारतं.

अपघातावरचा उपाय मात्र जुना आहे, आणि मला तो फार समंजस वाटतो: बूट ब्लॉक. चिपचा एक छोटा कोपरा, ज्याला अपडेट सहसा हात लावत नाही. बाकी सगळं बिघडलं, तरी तेवढा भाग जागा होतो आणि पेनड्राइव्हवरून नवी प्रत मागतो. काही बोर्डांवर दुसरी चिपच राखीव असते. काहींवर मागच्या बाजूला एक बटण असतं. ते दाबलं की वेगळा छोटा कंट्रोलर, प्रोसेसर बसवलेला नसतानाही, पेनड्राइव्हवरची फाइल चिपमध्ये उतरवतो.

[दृश्य: चिपला चिमटा लावणारे हात.]

यातलं काहीच नसेल, तरी बोर्ड भंगारात टाकू नका. कितीतरी चांगली बोर्डं एवढ्याच कारणाने फेकली जातात, त्याचं खरंच वाईट वाटतं. बोर्डाची वीज पूर्ण तोडायची. चिपचं व्होल्टेज बघायचं, कारण काही 3.3 वर चालतात, काही 1.8 वर. आठ पायांवर चिमटा बसवायचा, त्याला जोडलेला प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण, दुसऱ्या संगणकाला जोडायचा. आधी चिपमध्ये आहे ते वाचून जपून ठेवायचं, कारण याच बोर्डाचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता अनेकदा त्यातच असतो. मग पुसायचं, लिहायचं, पुन्हा वाचून फाइलशी ताडून बघायचं.

जुळलं. चिमटा काढला. बटण दाबलं.

[दृश्य: काळा पडदा. मग कोपऱ्यात उजेड.]