काळ्या मोहऱ्यांनी, एस्ट्रिन यांच्याच अंगणात

१९६५. पाचवी जागतिक पत्र-बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा. पांढरी मोहरी मॉस्कोच्या याकोव्ह एस्ट्रिन यांची, काळी अमेरिकेच्या हान्स बर्लिनर यांची.

पत्राने खेळताना चाली आकड्यांत लिहायची पद्धत आहे. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, म्हणजे ५२५४: पाचव्या उभ्या रांगेतल्या दुसऱ्या घरातून चौथ्या घरात. कार्ड कुठल्याही देशात जाऊ दे, आकडे सगळ्यांना वाचता येतात. यावर काळ्याला जिंकायची घाई असेल तर उत्तर बहुधा ३७३५: सिसिलियन बचाव. बर्लिनर यांनी खेळली ५७५५.

हे धाडसच होतं. कारण इथून वाट जाते ‘टू नाइट्स डिफेन्स’कडे (दोन घोड्यांचा बचाव), आणि त्या सुरुवातीचे गाढे अभ्यासक होते खुद्द एस्ट्रिन. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

[पट जवळून]

दहावी चाल बघा. पांढऱ्याच्या प्याद्यांनी काळ्याचा उंट आणि घोडा एकाच वेळी धरलेत. कुणीही आधी काहीतरी वाचवेल. बर्लिनर यांनी दोन्ही तसेच मारात ठेवले आणि ई-प्यादं, म्हणजे राजाच्या उभ्या रांगेतलं, एक घर पुढे सारलं (उभ्या रांगांना ए ते एच अशी अक्षरं असतात). घोडा गेला. तरी त्यांनी उंट हलवला तो दुसराच! पुढच्याच चालीला बर्लिनर यांना शह बसला, काळा राजा सरकला, किल्लेकोट कायमचा हुकला.

पत्र-बुद्धिबळात पुस्तकं उघडायची मुभा असते, पटावर मोहरी हलवून बघता येतात. नुसती फसवी चाल इथे टिकत नाही. ही टिकली.

माझ्या मते मात्र या डावाचा खरा कळस एकतिसाव्या चालीत आहे. वजीर पटावरून गेलेत. उरलेत एकेक हत्ती आणि थोडी प्यादी. बर्लिनर यांनी हत्ती सी-रांगेत आणला आणि एफ-प्यादं सोडून दिलं. पांढऱ्याने ते मारताच हत्ती समोर उभा: करा हत्तींची मारामारी! पण ती केली तर काळ्याचं कडेचं एच-प्यादं पांढऱ्या राजाला तिकडेच अडकवून ठेवणार, आणि प्याद्यांचा शेवट काळा जिंकणार. एस्ट्रिन यांनी हत्ती मागे घेतला. काळा राजा थेट पांढऱ्याच्या प्याद्यांत घुसला.

बेचाळिसाव्या चालीला काळ्याचं बी-प्यादं तिसऱ्या ओळीत पोचलं. एस्ट्रिन यांनी डाव सोडला.

स्पर्धा १९६८ मध्ये संपली. बर्लिनर विजेते: सोळा डावांत चौदा गुण, एकही हार नाही. पुढे सातव्या स्पर्धेत एस्ट्रिनही जगज्जेते झाले.