शेजारचा वाडा पडला की...

(दृश्य: सकाळ. तांबट आळीतून तांब्यावर पडणारे हातोड्याचे ठोके.)

कसबा पेठेत एखादा वाडा पाडला की शेजारच्या घराची भिंत पहिल्यांदाच उन्हात येते. तिच्यावर पडलेल्या घराचं सामान राहिलेलं असतं: कोनाडे, खुंट्या, चुलीच्या धुराचा काळा पट्टा आणि कुठेच न पोचणारी जिन्याची तिरकी खूण.

चित्रकाराला अशी भिंत दिसली की हात शिवशिवणारच.

२०१२ साली हर्षवर्धन कदम या चित्रकाराच्या पुढाकाराने 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट' याच कसब्यात सुरू झाला. जन्मात कलादालनाची पायरी न चढलेल्यांच्या दारात चित्र येऊन उभं राहिलं.

तशी पुण्याच्या भिंतींना रंगाची सवय जुनी. १७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, तरी दिल्ली दरवाज्याच्या आत पेशवेकालीन चित्रांच्या पुसट खुणा आहेत. पुढे भिंती निवडणूक चिन्हांच्या झाल्या. विद्रूपीकरण रोखायला १९९५ साली राज्याने कायदा केला. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरश्या मात्र आपण आपल्याच अकलेने बसवल्या. भित्तिचित्राचा तोही एक प्रकार म्हणायचा!

(दृश्य: बांबूची परांची. खरवडण्याचा आवाज.)

रंगाआधी हे काम. पोपडे काढायचे, भेगा लिंपायच्या, भिंत वाळू द्यायची. जुन्या वाड्याची माती-चुन्याची भिंत ओल धरते आणि ती बाहेरही सोडते. तिच्यावर प्लास्टिक रंगाचा थर चढवला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत चित्राच्या गालाला फोड येतात. मग चौकटी आखून कागदावरचं चित्र मोठं करायचं. परांचीवरचा माणूस भिंतीला इतका चिकटलेला असतो की त्याला स्वतः काढलेला डोळा दिसत नाही. खालून सांगणारे पुष्कळ असतात: "अहो, डावा जरा बारीक झालाय!"

(दृश्य: मोकळ्या जागेवर लोखंडी सळया, सिमेंटची पोती.)

आणि एक दिवस त्या मोकळ्या जागेवर नव्या इमारतीचं काम सुरू होतं. पहिल्या स्लॅबला चित्रातले पाय जातात, दुसऱ्याला कंबर. डोळे सगळ्यात शेवटी. मग दोन भिंतींमधल्या हातभर फटीत चित्र तसंच उभं राहतं. तिथे आता कबुतरं बसतात.